गुडघा नवा आला, तोल मात्र शिकावा लागतो

गुडघ्याची वाटी बदलून आलेली एखादी तरी बाई आता आपल्या गटात असते. घरचे तिला सांगतात, गुडघा वाकव आणि जपून बस. तोलाचं कुणी फारसं बोलत नाही. म्हणून आज आम्ही तोलाच्या व्यायामाचा इतिहास सांगणार आहोत.

पहाटे अंधारात परसदारी जाताना आपण पायाकडे बघत नाही, तरी पाऊल कुठं पडलं ते कळतं. ही खबर तळव्यातून, स्नायूंतून आणि सांध्यांतून मेंदूला जाते. १८४० च्या दशकात जर्मनीतल्या बर्लिनचे डॉक्टर रोंबेर्ग यांनी एक गोष्ट नोंदवली. मज्जारज्जूचा एक आजार झालेली माणसं पाय जुळवून उभी राहत, पण डोळे मिटले की डोलू लागत. पायांची खबर तुटली होती, ती डोळ्यांच्या भरवशावर उभी होती.

पुढे स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टर फ्रेंकेल यांनी अशाच रुग्णांवर काम केलं. गेलेली नस परत येत नाही, पण एकेक हालचाल सावकाश, लक्ष देऊन, पुन्हा पुन्हा केली तर उरलेल्या खबरीवर चालायला शिकता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या नावाचे व्यायाम आजही शिकवतात.

त्याच सुमारास, १८९० मध्ये, बर्लिनचे डॉक्टर ग्लुक यांनी क्षयानं खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गामुळे असे सांधे टिकले नाहीत. चांगला टिकणारा धातूचा आणि प्लास्टिकचा गुडघा यायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडला.

तो घडवणाऱ्यांत लंडनचे डॉक्टर मायकेल फ्रीमन होते. आधी १९६५ मध्ये त्यांनी घोटा मुरगळलेल्यांचा अभ्यास केला होता. सूज गेली तरी काहींचा पाय मधेच दगा देई. सांध्यातल्या खबर देणाऱ्या नसा दुखावल्यामुळे असं होत असावं, असं त्यांनी मांडलं. डुलणाऱ्या फळीवर उभं राहण्याचा सराव केलेल्यांना हा त्रास कमी झाला.

गुडघ्याचंही तसंच आहे. झिजलेल्या गुडघ्याची खबर आधीच मंद झालेली असते. ऑपरेशनमध्ये हाडांची टोकं कापतात, आणि बहुतेक वेळा सांध्याच्या आतला पुढचा बंधही काढतात. धातूला नसा नसतात. मग खुबा, घोटा, मांडी आणि तळवा यांनाच ते काम शिकवावं लागतं. नुसतं बसून राहिलं तर ते शिकत नाहीत. आणि पडलं तर नव्या सांध्याजवळचं हाड मोडू शकतं, ते जोडणं अवघड जातं.

म्हणून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांनी परवानगी दिली की सुरुवात करायची. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभं राहा. भार एका पायावरून दुसऱ्यावर हळूहळू न्या. ते जमलं की एका पावलापुढं दुसरं पाऊल ठेवून उभं राहा. त्यानंतर, त्यांनी सांगितलं तरच, काही सेकंद एका पायावर. जमीन कोरडी हवी, निऱ्या वर खोचलेल्या हव्यात आणि जवळ कुणीतरी हवं. एकटीनं डोळे मिटून काही करू नका. पोटरी सुजली, ताप आला किंवा जखम लाल झाली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

मैत्रिणींनो, गटातल्या बाईचं ऑपरेशन झालं की आपण भाकरी-भाजी पोचवतो, धुणं वाटून घेतो. त्यात आता आणखी एक काम घालू या. पाळीपाळीनं रोज दहा मिनिटं तिच्या ओट्याजवळ उभं राहू या. तिचा हात ओट्यावर आणि आपला तिच्या पाठीशी.