साखळीची टाकी आणि दोन बटणांची टाकी



गेल्या महिन्यात रात्री दोनला जाग आली, तर संडासातून टाकी भरल्याचा आवाज. घरात सगळे झोपलेले, मग फ्लश केला कोणी? अर्ध्या तासाने पुन्हा तोच आवाज. सकाळी टाकीच्या पाण्यात थोडी कपड्यांची नीळ कालवली आणि कोणालाही आत जाऊ दिलं नाही. थोड्या वेळाने भांड्यातलं पाणी निळसर झालं. टाकी गुपचूप गळत होती.

माहेरी उंचावर बिडाची, साखळी ओढायची टाकी होती. कधी कधी दोनदा ओढावी लागे, पण अशी गळाल्याचं आठवत नाही. असं का, म्हणून वाचत गेले, तर गोष्ट लंडनला जाऊन पोचली.

फ्लशचा संडास तसा जुना. सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ साली त्याचं वर्णन छापलं. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. त्या वाकात पाणी साठून राहतं, म्हणून वास वर येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हे संडास लंडनच्या घराघरांत आले आणि पाण्याची उधळपट्टी सुरू झाली. पाणी सोडणारी झडप लोक उघडीच ठेवत, नाहीतर ती झिजून गळत राही. १८७१ च्या पाणी कायद्यानंतर नियम आले. एका वेळी २ गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटरच पाणी सोडणारी टाकी हवी. त्या टाकीचं नावच ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’, म्हणजे पाणी वाया जाऊ न देणारी!

पुढे तिथे सायफनची टाकी रुळली. १८९८ साली आल्बर्ट गिब्लिन यांनी झडपेशिवाय चालणाऱ्या अशा टाकीचं पेटंट घेतलं आणि थॉमस क्रॅपर यांच्या कंपनीने ती विकली. सायफनमध्ये पाणी आधी नळीच्या उंच वाकावरून चढतं आणि मगच खाली उतरतं. टाकीच्या तळाला बुचासारखं काही नसतंच, मग झिजणार काय? सायफन बिघडला तर फ्लश होत नाही, आणि ते लगेच कळतं. टाकी जास्त भरली तर जादा पाणी एका नळीने घराबाहेर, सगळ्यांना दिसेल असं पडायचं. त्या नळीला ‘वॉर्निंग पाइप’ म्हणत.

अमेरिकेत मात्र टाकीच्या तळाशी रबरी झडप असायची. १९९९ च्या नव्या नियमांनी ब्रिटननेही २००१ पासून झडपेला परवानगी दिली. जादा पाणी भांड्यातच सोडायलाही मुभा मिळाली. अर्ध्या आणि पूर्ण फ्लशची दोन बटणं पाणी वाचवण्यासाठी लोकप्रिय झाली. पण २०२० मध्ये वॉटरवाइज या संस्थेचा अंदाज आला, की ब्रिटनमधले गळके संडास दिवसाला सुमारे ४० कोटी लिटर पाणी वाया घालवतात.

आपल्याकडची दोन बटणांची टाकीही याच जातीची. मी नळाचा कॉक बंद केला, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि अर्ध्या तासाने पाहिलं. पाणी खाली गेलं होतं, म्हणजे दोष तळाच्या रबरात. (पातळी हलली नसती, तर दोष पाणी भरणाऱ्या बॉलकॉकचा. मग पाणी जास्त भरून मधल्या नळीतून वाहून जातं.) मापाने पाणी ओतून खुणेपर्यंत भरलं, तर दीड लिटर लागलं. बी.कॉम.ची सवय जात नाही, लगेच हिशेब केला. दिवसाला ७२ लिटर, महिन्याला २,१६०!

व्हाउचर नसलेला खर्च वहीत दिसत नाही, पण शिल्लक कमी होतेच. सासूबाई म्हणायच्या, पाणी तुपासारखं वापरावं. आपण पाण्याला अप्काय जीव मानतो, पिण्याचं पाणी गाळून घेतो, आणि इथे बंद दाराआड किती दिवस ते वाहत होतं कोण जाणे.

रबरावर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जमला होता. घासून पाहिलं, तरी थोडं गळतच राहिलं. शेवटी प्लंबरने नवं रबर बसवलं. आता दर महिन्याच्या एक तारखेला, किराण्याची यादी करायच्या आधी, मी टाकीत नीळ घालते. तुम्हीही एकदा घालून पाहा.