भुकेला कोंडा : एका प्रयोगाचे वाचन

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण आपण सहज वापरतो. भुकेल्याला कोंडाही गोड लागतो, हा तिचा आशय. परंतु भूक महिनोन्‌महिने टिकली तर माणसाच्या मनाचे काय होते, याविषयी म्हण मौन पाळते. या प्रश्नाला भिडणारा एक प्रयोग अमेरिकेत १९४४-४५ साली झाला. साहित्याच्या अभ्यासकांनीही तो समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, याचे शास्त्रीय ज्ञान तुटपुंजे होते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधक अँसेल कीज यांनी त्यासाठी ३६ तरुण निवडले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले आणि त्याऐवजी नागरी सेवा पत्करलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. पहिले १२ आठवडे त्यांना रोज सुमारे ३,२०० उष्मांकांचा आहार मिळाला. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे तो सुमारे १,५७० उष्मांकांवर आणला गेला. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असे दोन वेळचे जेवण आणि आठवड्याला २२ मैलांची चाल. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले.

शरीराहून अधिक बोलका बदल मनात झाला. अन्नाखेरीज दुसरा विषय सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तके वाचू लागले. ताटातले अन्न पाणी घालून वाढवणे, एकेक घास लांबवणे, ताट चाटणे, हे शिकल्यासवरलेल्या तरुणांनी केले. चिडचिड आणि औदासीन्य वाढले, कामेच्छा विझली, मित्रमंडळी नकोशी झाली. अन्न वाढवल्यावरही सारे लगेच पूर्वपदावर आले नाही. पोट भरूनही भूक शमत नाही, असा अनुभव अनेकांना आला आणि काहींनी अतोनात खाल्ले.

या निष्कर्षांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० साली निघाला. पुढे खाण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्यांना त्यात एक महत्त्वाची किल्ली सापडली. स्वतःची उपासमार करणाऱ्या रुग्णांत दिसणारा अन्नाचा ध्यास, खाण्याचे विचित्र विधी, एकलकोंडेपणा, यांतील बरेच काही मूळ स्वभावाचे नसून उपासमारीचेच फळ असू शकते, हे ध्यानात आले. त्यामुळे उपचारांत शरीराचे पोषण आधी सावरण्याला वजन प्राप्त झाले.

आमचा मुद्दा येथेच सुरू होतो. 'हावरा', 'आधाशी', 'वखवखलेला' ही विशेषणे आपण स्वभावाच्या खात्यात जमा करतो. वर्गात दुष्काळाची कथा शिकवताना अन्न लपवणाऱ्या, घासासाठी भांडणाऱ्या पात्राचे 'स्वभावचित्रण' विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. मिनेसोटाचे तरुण तर तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणारे होते. काही महिन्यांच्या अर्धपोटी जगण्याने त्यांचे वागणे इतके पालटत असेल, तर त्या पात्राला आपण कोणत्या अधिकाराने जोखतो? स्वभाव आणि परिस्थिती यांतील रेषा आपण समजतो तितकी ठळक नाही.

अर्थात प्रयोगाला मर्यादा होत्या. सहभागी सारे तरुण आणि पुरुष, शिवाय डॉक्टरांची सतत देखरेख. त्याहून मोठी मर्यादा अशी की, उपासमार कोणत्या दिवशी संपणार हे त्यांना ठाऊक होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावे सोडून कलकत्त्याच्या रस्त्यांवर आलेल्या माणसांजवळ अशी तारीख नव्हती. तारीख माहीत असलेली भूकही माणसाला इतकी बदलते, तर तारीख नसलेली भूक काय करीत असेल, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणे शक्य नाही. ते शोधताना साहित्याकडे वळावे लागते. आणि म्हणूनच ते साहित्य वाचताना निवाड्याची घाई आपण टाळायला हवी.