हेमाडपंती

अंबाजोगाईत जुने दगडी देऊळ दिसले, की ‘हेमाडपंती’ हा शब्द कानी पडतोच. कुणी ‘हेमाडपंथी’ही लिहितात. पंथाचा इथे काही संबंध नाही. शब्दाच्या मुळाशी आहे हेमाद्री पंडित हे नाव. हेमाद्री म्हणजे सोन्याचा पर्वत, मेरू. बोलण्यात त्याचा हेमाडी झाला, पंडितचा पंत. असा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री हा हेमाडपंत झाला. तो पुढे आला महादेव यादवाच्या काळात, 1260 नंतर. पण यादवांचाच सेनापती खोलेश्वर याची कन्या लक्ष्मी हिने रणात पडलेल्या भावासाठी अंबाजोगाईत देऊळ उभारले, ते त्याच्याही आधी, 1240 मध्ये. पुढे बिनचुन्याच्या साऱ्याच बांधणीला हेमाडपंताचे नाव चिकटले. आज अभ्यासक ‘यादवकालीन’ म्हणतात, लोक ‘हेमाडपंती’. शैलीसाठी हा शब्द खुशाल वापरावा. त्या देवळाचे श्रेय मात्र लक्ष्मीलाच द्यावे.