हिपॅटायटिस बी, सी आणि कमी आलेले व्हिटॅमिन डी : शंभर वर्षांचा इतिहास काय सांगतो?



हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले रुग्ण हल्ली रिपोर्टमधल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारतात, "डॉक्टर, व्हिटॅमिन डी एवढे कमी आले आहे. त्यामुळे लिव्हर बिघडले का? ते भरून काढले तर कावीळ जाईल का?" प्रश्न चुकीचा नाही. जगभरच्या संशोधकांनाही तो पडला होता. उत्तर समजायला थोडे मागे जावे लागेल.

त्याआधी एक फरक लक्षात घ्या. वारीच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत दूषित पाण्यातून पसरते ती हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ. ती बहुतेकांत काही आठवड्यांत बरी होते. गरोदरपणात मात्र ई धोकादायक ठरू शकते. बी आणि सी हे विषाणू रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही (विशेषतः बी) पसरतात. ते सहा महिन्यांहून जास्त काळ शरीरात राहिले की त्याला दीर्घकालीन हिपॅटायटिस म्हणतात. डोळे पिवळे न होताही लिव्हर वर्षानुवर्षे आतून खराब होत राहते. आजचा लेख या आजाराविषयी आहे.

नाशिकमधले निरीक्षण

लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकतात, त्याला आपण मुडदूस म्हणतो. मोठ्यांमध्ये, विशेषतः वारंवार बाळंतपण झालेल्या स्त्रियांमध्ये, हाच आजार हाडे मऊ आणि दुखरी करतो. शंभर वर्षांपूर्वी याचे कारण नक्की माहीत नव्हते. काहीजण आहाराला दोष देत, तर काहीजण कोंदट घरांना. जपानमध्ये काम करून परतलेल्या थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या सहकाऱ्यांकडून माहिती गोळा केली आणि 'ऊन कमी, तिथे मुडदूस जास्त' असे मांडले. त्या वेळी त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढे आपल्या नाशिकमध्ये काम करणारे डॉ. हचिसन आणि त्यांचे सहकारी शाह यांनी १९२२ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांना दिसले ते उलटेच होते. गरीब, अपुरे खाणाऱ्या, पण दिवसभर शेतात राबणाऱ्या कुटुंबांत हा आजार जवळपास नव्हता. खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या, पडद्यामुळे अंधाऱ्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या मुली आणि स्त्रियांत मात्र तो होता. म्हणजे ताटात कमी नव्हते, कमी होते ते ऊन.

त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत दुसरा धागा सापडत होता. १९१९ मध्ये मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांचा मुडदूस कॉड माशाच्या तेलाने टळतो हे दाखवले. त्याच वर्षी हुल्डशिन्स्की यांनी मुलांचा मुडदूस अतिनील किरणांनी बरा केला. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी तेलातला हा घटक व्हिटॅमिन ए पेक्षा वेगळा आहे हे सिद्ध केले आणि त्याला डी हे नाव मिळाले. तेल आणि ऊन, दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचत होते.

लिव्हरचा संबंध कसा कळला?

त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे सगळ्यांचा समज असा की हे जीवनसत्त्व शरीरात गेले की थेट काम करते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीलुका यांच्या प्रयोगशाळेने रक्तातले त्याचे बदललेले रूप ओळखले. पुढच्याच वर्षी हा बदल मुख्यतः लिव्हरमध्ये होतो हे कळले. त्यानंतर किडनी त्याला अंतिम, कामाचे रूप देते हेही समजले.

म्हणजे प्रवास असा : त्वचा, मग लिव्हर, मग किडनी. तुमच्या रिपोर्टमध्ये २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असे लिहिलेले असते, ते हेच लिव्हरमधून बाहेर पडलेले रूप.

इथे वाटेल, की लिव्हर खराब झाले म्हणजे हा कारखाना बंद पडला. पण लिव्हरची ही क्षमता बरीच मोठी असते आणि आजार खूप पुढे जाईपर्यंत टिकते. मग डी कमी का? आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, कमी खातो. पित्त नीट न उतरल्यास चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. डी ला रक्तातून वाहून नेणारे प्रथिनही लिव्हरच बनवते. सिरॉसिसमध्ये ते घटले की रिपोर्टमधला आकडाही घटतो. शिवाय ज्यांचे लिव्हर ठणठणीत आहे अशा भारतीयांतही डी कमी असणे फार सामान्य आहे.

पंढरपुरात एवढे ऊन असताना असे का, असे तुम्ही म्हणाल. सकाळी शटर उघडून रात्री बंद करणाऱ्या दुकानदाराच्या अंगावर ऊन पडते किती? शेतात जाणारी बाईसुद्धा आता स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जाते. नाशिकच्या अंधाऱ्या खोल्या गेल्या, पण सावली तीच राहिली.

आशेची काही वर्षे

२०१० मध्ये इटलीतल्या संशोधकांनी हिपॅटायटिस सी च्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे डी कमी, त्यांच्या लिव्हरमध्ये जास्त व्रण आणि इंटरफेरॉन इंजेक्शनांचा गुणही कमी. २०११ मध्ये इस्रायलमधल्या ७२ रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या औषधांसोबत डी दिलेल्या गटात ८६ टक्के रुग्णांचा विषाणू गेला. न दिलेल्या गटात ४२ टक्के. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली.

पण अभ्यास लहान होता आणि कोणाला डी मिळते आहे हे डॉक्टरांना व रुग्णांना माहीत होते. पुढच्या काही अभ्यासांत असा फायदा दिसला नाही. हिपॅटायटिस बी मध्येही विषाणू जास्त तिथे डी कमी असे आढळले, पण डी दिल्याने विषाणू जातो हे सिद्ध झाले नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही.

दरम्यान सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या आल्या. बहुतेकांत १२ आठवड्यांच्या कोर्सने ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्णांचा हिपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो, आणि त्यासाठी डी ची पातळी किती हे पाहावे लागत नाही. आपल्या देशात २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात बी आणि सी च्या तपासण्या व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

मग तुम्ही काय करायचे?

कमी डी कडे दुर्लक्ष करू नका. ते भरून काढायचे ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. हिपॅटायटिस बी साठी दिल्या जाणाऱ्या टेनोफोविरच्या जुन्या प्रकाराने हाडांची घनता थोडी कमी होऊ शकते, म्हणून अशा रुग्णांनी हाडे आणि किडनी या दोन्हींकडे जास्त लक्ष द्यावे.

मात्र डी ची पुडी विषाणूची गोळी नव्हे. "डी भरून आले, आता बरे वाटते" म्हणून बी ची गोळी परस्पर बंद करू नका. विषाणू एकदम उसळून लिव्हर निकामी होऊ शकते.

६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल साधारण आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढते. भूक जाते, उलट्या होतात, बद्धकोष्ठता होते, किडनीला इजा होते. भूक गेली आणि उलट्या झाल्या की घरचे म्हणतात "कावीळ वाढली", आणि खरे कारण बाजूलाच राहते.

कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण डी बनते ते प्रामुख्याने तुमची सावली तुमच्यापेक्षा लहान असते त्या वेळी. हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो. उन्हाळ्यात भर दुपारी मात्र अतिरेक नको.

आणि घरात एकाला बी असेल तर सगळ्यांची तपासणी व लसीकरण करून घ्या. नव्या बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत बी ची लस मिळाली का, हे स्वतः विचारा. लिव्हरची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी किती महिन्यांनी करायची हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ती तारीख चुकवू नका. डी चा आकडा सुधारला तरीसुद्धा.