दोहा येथील 'सूक वाकिफ': जीर्णोद्धार की पुनर्रचना?

मोती व मासळी यांवर शतकानुशतके उपजीविका करणाऱ्या आखाती किनाऱ्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची उणीव पदोपदी जाणवते. तेथील बाजारपेठा दगड, माती व लाकूड यांनी बांधलेल्या. देखभालीची हयगय झाली की त्या नाहीशा व्हावयाच्या. म्हणून कतारची राजधानी दोहा येथील 'सूक वाकिफ' ह्या प्रसिद्ध बाजाराकडे पाहताना, समोर दिसणारी वास्तू हे इतिहासाचे साधन मानावे की इतिहासाविषयीचे भाष्य मानावे, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

'सूक' म्हणजे बाजार व 'वाकिफ' म्हणजे उभा. मुशैरिब नावाच्या वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, काठी हा बाजार भरे. भरतीचे पाणी पार आत येई, आणि विक्रेते सापडेल त्या जागी उभे राहूनच माल विकीत. त्यावरून हे नाव पडले, अशी उपपत्ती प्रचलित आहे. वाळवंटातील बदाऊ लोक लोकर, मांस व दूध घेऊन येत आणि तांदूळ, खजूर, मासळी घेऊन परतत. समुद्र व वाळवंट ह्यांची जेथे गाठ पडे, तेथे हा बाजार होता. पुढे भराव घालून किनारा दूर लोटण्यात आला. बाजाराच्या जन्माचे जे कारण, तेच आज तेथे उरलेले नाही. आणि कोणत्याही जीर्णोद्धाराने ते परत आणलेले नाही.

ह्या व्यापाराचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोचतो. आखातातील मोती मोठ्या प्रमाणावर मुंबईस येत व तेथून युरोपात जात. कतारमध्ये रुपयाचे चलन 1966 पर्यंत टिकले, ते ह्या जुन्या संबंधाचेच द्योतक होय. 1930 च्या सुमारास जागतिक मंदी व जपानी संवर्धित मोती ह्यांच्या दुहेरी आघाताने हा व्यापार कोसळला. 1949 च्या अखेरीस तेलाची निर्यात सुरू झाली आणि संपन्नतेबरोबर सिमेंट व लोखंडी पत्रेही बाजारात आले.

2003 साली आगीने बाजाराच्या काही भागाची हानी झाली. त्यानंतर चित्रकार मोहंमद अली अब्दुल्ला ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची पुनर्रचना झाली. नव्या इमारती पाडण्यात आल्या, पत्रे उतरवून लाकडी वासे, बांबू आणि माती व गवताचा थर ह्यांची छपरे घालण्यात आली. 2010 च्या आगाखान वास्तुकला पारितोषिकासाठी निवडलेल्या अंतिम यादीत ह्या कामाचा समावेश होता. देखाव्यापुरते उभारलेले हे गाव नव्हे, तर खराखुरा चालता बाजार आहे, हा त्याचा गुण मानला गेला. तो आम्हांसही मान्य आहे. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची भर 'विसंगत' ठरवून काढून टाकणे, हाही इतिहासातील एक कालखंड पुसणेच आहे. पत्र्याच्या छपराखाली बसलेला दुकानदार हा मोत्याच्या व्यापाऱ्याइतकाच ऐतिहासिक होता, हे विसरून चालणार नाही.

आमच्या मते सातत्य शोधावयाचे ते भिंतींत नव्हे, व्यवसायांत. बिश्त हा पुरुषांचा सैल झगा घ्या. त्याच्या गळ्याच्या व पुढील काठांवर जरीचे भरतकाम हाताने करतात आणि नंतर ते ठोकून, घासून त्यास सपाटपणा व चकाकी आणतात. तेथील कारागीरही त्यास 'जरी'च म्हणतात. सोने ह्या अर्थाचा फारसी 'जर' हा शब्द पैठणीच्या पदरावर आणि अरबाच्या खांद्यावर सारखाच नांदतो, ही गोष्ट मनोरंजक आहे. 18 डिसेंबर 2022 रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर कतारच्या अमीरांनी फुटबॉलपटू मेस्सीच्या अंगावर जो काळा बिश्त घातला, तो ह्याच बाजारातील एका दुकानातून गेलेला होता. ससाण्यांची दुकानेही अशीच टिकून आहेत. युनेस्कोने 2010 मध्ये मानवी वारशाच्या यादीत नोंदविलेल्या श्येनपालनास आधार आहे तो ह्या दुकानांचा, संग्रहालयाचा नव्हे.

संग्रहालयांना दोह्यात तोटा नाही. बाजाराजवळील 'अल कूत' ह्या जुन्या किल्ल्याचे हस्तकलांच्या संग्रहालयात रूपांतर झाले, आय. एम. पेई ह्यांनी रचलेले इस्लामी कलेचे संग्रहालय 2008 मध्ये, तर अरब आधुनिक कलेचे 'मथाफ' 2010 मध्ये उघडले. पुनर्रचित बाजारातही कलाकेंद्र निघाले. पण संग्रहालयात वस्तू टिकते, तिच्यामागील हात टिकेलच असे नाही. आखाती बाजारांतील शिवणकामाचा भार आज पुष्कळ अंशी दक्षिण आशियातून आलेल्या कारागिरांवर आहे. तेव्हा ज्या कलेस आपण 'पारंपरिक अरबी' म्हणतो, तिच्यातील अरबी काय व कोणाचे, ह्याचा शोध वास्तुशिल्पज्ञांच्या आराखड्यांत लागणार नाही. त्यासाठी ह्या कारागिरांच्या तोंडचे परिभाषिक शब्द, त्यांची गावे आणि शिकण्याची रीत ह्यांची नोंद करावी लागेल, आणि त्या कामी उर्दू, मलयाळम व बंगाली जाणणारा अभ्यासक अरबीच्या पंडिताइतकाच उपयोगी पडेल.