सेवाग्रामचा लिनॅक आणि प्रोटॉनच्या पोटातलं कोडं

जरा लांबलचक पोस्ट आहे. निवडणुकीची नाही, त्यामुळे खाली भांडणं होणार नाहीत अशी आशा.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात ज्यांच्या घरचं कुणी कॅन्सरचा ‘शेक’ घ्यायला गेलं, त्यांनी पार्टिकल ॲक्सिलरेटरच्या खोलीबाहेर बसून वाट पाहिली आहे. तिथं मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेनं तयार केलेला ६ एमव्हीचा लिनॅक ‘जय विज्ञान’ मोहिमेत बसवला गेला. समीरचं मूळ टीआयएफआरमध्ये. तिथं मायक्रोवेव्हवर काम करणाऱ्या गटातून १९८४ साली ही वेगळी संस्था झाली. त्यांचं पहिलं यंत्र चंदीगडच्या पीजीआयला लागलं, पुढची सेवाग्रामला आणि चेन्नईच्या अड्यारला. आत काय असतं? तांब्याच्या कप्प्यांची जेमतेम मीटरभर नळी, हवा काढून टाकलेली. एका टोकाला तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, मायक्रोवेव्हच्या लाटेवर स्वार होऊन पळतात, दुसऱ्या टोकाला जड धातूवर आपटतात. त्या आपटण्यातून निघालेले एक्स-रे गाठीवर सोडायचे. चरख्याच्या गावात इलेक्ट्रॉन पळवणारं यंत्र, आणि तेही देशी बनावटीचं!

याच घराण्यातलं एक प्रचंड यंत्र अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आकार घेतंय. नाव इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर, थोडक्यात ईआयसी. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येणार, दुसऱ्या बाजूनं प्रोटॉन किंवा सोन्या-युरेनियमसारख्या जड अणूंची गाभ्यापर्यंत सोललेली रूपं, म्हणजे आयन, आणि दोघांची टक्कर. सेवाग्रामचा इलेक्ट्रॉन जेवढ्या ऊर्जेला पोचतो, त्याच्या तीन हजार पट ऊर्जा इथल्या इलेक्ट्रॉनला द्यायची आहे. या प्रकल्पाच्या वैज्ञानिक बाजूचं नेतृत्व ज्यांच्याकडं राहिलं, ते स्टोनी ब्रुक विद्यापीठातले प्राध्यापक अभय देशपांडे. मुंबई विद्यापीठ, मग आयआयटी कानपूर, मग येल असा त्यांचा प्रवास.

आता ‘मराठी माणसानं अमेरिकेला देवकण शोधून दिला’ असा फॉरवर्ड तयार करू नका, बाप्पा. देवकण वेगळा, तो २०१२ मध्ये जिनिव्हाजवळ सर्नला सापडला. देशपांडे आणि त्यांच्यासारख्या शेकडो लोकांनी केलं ते काम फॉरवर्डमध्ये मावणारं नाही. एक प्रश्न धरून ठेवायचा, त्यासाठी यंत्राचा आराखडा करायचा, तो खोडायचा, परत करायचा, सरकारला पटवायचं, आणि हे वीस वर्षं करत राहायचं. आपल्याकडच्या बातम्यांत उद्घाटन असतं आणि घोटाळा असतो. मधली वीस वर्षं कुणी छापत नाही. म्हणून हा खटाटोप.

प्रश्न काय होता, ते आधी. प्रोटॉन म्हणजे अखंड गोळी नाही, आत आणखी बारीक काही आहे, हे अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६८ च्या सुमारास इलेक्ट्रॉन आदळवूनच कळलं. आतल्या कणांना क्वार्क म्हणतात आणि त्यांना डिंकासारखं धरून ठेवणारे ते ग्लुऑन. प्रत्येक प्रोटॉनला स्वतःची एक ठरावीक फिरकी असते, तिला स्पिन म्हणतात. सगळ्यांना वाटत होतं की ही फिरकी आतल्या क्वार्कांच्या फिरकीची बेरीज असणार. १९८७ मध्ये सर्नच्या ईएमसी प्रयोगानं मोजलं, तर क्वार्कांचा वाटा अगदीच थोडा निघाला. हिशेब जुळेना. भौतिकशास्त्रात याला ‘स्पिनचं संकट’ असंच नाव पडलं. पुढच्या मोजमापांत तो वाटा साधारण ३० टक्क्यांवर आला, ब्रुकहेवनच्या प्रयोगांतून ग्लुऑनचाही काही वाटा असल्याचं दिसलं. तरी वही पूर्ण जुळलेली नाही.

वजनाचं तर त्याहून विचित्र. हिंगणघाटच्या मार्केटात काट्यावर एक क्विंटल कापूस टाका. त्यात क्वार्कांचं आणि इलेक्ट्रॉनचं स्वतःचं वजन धरलं, तर किलो-दीड किलो भरेल. बाकी सगळं वजन त्यांच्या धावपळीतून आणि ग्लुऑनांच्या ओढाताणीतल्या ऊर्जेतून येतं. म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळतो तो बहुतांशी या ओढाताणीचा. (किती मिळतो ते विचारू नका.) पण हे वजन आतल्या आत कसं तयार होतं, याचं नीट चित्र आजही कुणाकडं नाही.

देशपांडे यांनी पीएच.डी. केली ती याच स्पिनच्या प्रश्नावर. येलचे व्हर्नन ह्यूज हे त्या पिढीतले मोठे प्रयोगकर्ते. ईएमसीचं मोजमाप तपासून बघणारा सर्नचा पुढचा प्रयोग, एसएमसी, त्यांच्या नेतृत्वात झाला आणि देशपांडे त्यात होते. त्याच काळात जर्मनीत हॅम्बर्गला हेरा नावाचा कोलायडर चालू झाला होता, १९९२ ते २००७. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची टक्कर घडवणारं जगातलं ते पहिलं यंत्र. त्यानं एक मोठी गोष्ट दाखवली. प्रोटॉनमध्ये जितकं बारीक बघावं, तितके ग्लुऑन वाढत जातात. पण हेरात दोन उणिवा होत्या. प्रोटॉनच्या फिरक्या एका दिशेला लावायची सोय नव्हती आणि जड अणूंचे आयन नव्हते. हेरातच प्रोटॉनची सोय करावी असा विचार नव्वदच्या दशकात मांडला गेला, पण ते झालं नाही.

इकडं ब्रुकहेवनला २००० साली आरएचआयसी हे यंत्र सुरू झालं. ३.८ किलोमीटरचं वर्तुळ, त्यात सोन्याचे आयनही पळायचे आणि फिरकी लावलेले प्रोटॉनही. म्हणजे हेरात नव्हतं ते नेमकं इथं तयार. फक्त इलेक्ट्रॉन नाहीत. मग त्याच बोगद्यात इलेक्ट्रॉनची वाट का बसवू नये?

कागदावर सोपं वाटतं. २००२ मध्ये पहिली श्वेतपत्रिका आली, २००४ मध्ये ब्रुकहेवनचा पहिला कच्चा आराखडा. त्यात इलेक्ट्रॉनसाठी वेगळी गोल कडी होती, कडीला कडी भिडवायची. नंतर विचार बदलला. गोल कडीऐवजी लिनॅकमधून ताजे इलेक्ट्रॉन आणायचे, एकदा टक्कर झाली की त्यांची ऊर्जा परत काढून घ्यायची आणि ते टाकून द्यायचे, असा धाडसी आराखडा पुढं आला. त्यावर कित्येक वर्षं काम झालं. दहाएक वर्षांनी हिशेब केला, तर त्यासाठी लागणारं तंत्र अजून हातात नव्हतं आणि जोखीम फार होती. मग गाडी पुन्हा कडीवर आली. आपल्याकडं असं झालं असतं तर ‘दहा वर्षं पाण्यात’ अशी हेडलाईन मीच दिली असती. पण त्या दहा वर्षांत जे शिकायला मिळालं, ते नंतरच्या आराखड्यात कामाला आलं.

मध्ये आणखी एक स्पर्धा होती. व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेकडं इलेक्ट्रॉनचं उत्तम यंत्र होतं, आयनची कडी नव्हती. त्यांचाही आराखडा तयार. २०१२ मध्ये दोन्हीकडच्या लोकांनी मिळून विज्ञानाची एकच श्वेतपत्रिका काढली, तिच्या तीन संपादकांपैकी एक देशपांडे. यंत्र कुठं होईल यावर भांडा, पण ते का हवं यावर एक व्हा, असा तो मामला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं प्रकल्पाच्या बाजूनं कौल दिला आणि जानेवारी २०२० मध्ये ब्रुकहेवनची निवड जाहीर झाली. हरलेली जेफरसन प्रयोगशाळा रुसून बसली नाही, ती बांधणीत भागीदार आहे. खर्चाचा अंदाज १.७ ते २.८ अब्ज डॉलर.

आराखड्यातली खरी डोकेफोड मात्र बारकाव्यात आहे. दोन उदाहरणं सांगतो.

इलेक्ट्रॉन हलका, तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानंच पळतो, सेकंदाला ७८ हजार फेऱ्या. प्रोटॉन जड. त्याची ऊर्जा २७५ जीईव्ही असेल तर तो बरोबरीनं पळतो, पण ४१ जीईव्हीवर प्रयोग करायचा म्हटलं की एका फेरीत सुमारे मीटरभर मागं पडतो. मीटरभर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण दोघांचे पुंजके दर फेरीला एकाच जागी, एकाच क्षणी यायला हवेत. मग उपाय काय? मैदानावर आतल्या लेनमधून पळणाऱ्याला अंतर कमी पडतं ना, तसंच. आरएचआयसीच्या बोगद्यात मुळात दोन कड्या शेजारीशेजारी आहेत, एक आत, एक बाहेर. कमी ऊर्जेच्या वेळी प्रोटॉनला वर्तुळाच्या एका भागात आतल्या वाटेनं न्यायचं. जुन्या यंत्राचा असा वापर ज्यानं सुचवला असेल, त्याच्या डोक्याला नमस्कार.

दुसरं, टक्कर समोरासमोर नाही, किंचित तिरपी आहे. नाही तर दोन्ही झोत वेगळे काढता येत नाहीत. पण तिरपी टक्कर म्हणजे लांबट पुंजके एकमेकांना नुसते घासून जाणार. म्हणून टकरीच्या आधी प्रत्येक पुंजक्याला विद्युतक्षेत्रानं थोडं आडवं वळवायचं, की तो खेकड्यासारखा तिरका चालत येऊन पूर्ण अंगानं भिडतो. या उपकरणाचं नावच ‘क्रॅब कॅव्हिटी’. आपल्याकडं खेकडे म्हटलं की टोपलीतले एकमेकांचे पाय ओढणारेच आठवतात.

यात आपण कुठं आहोत? अगदीच नाही असं नाही. आरएचआयसीच्या ‘स्टार’ प्रयोगात एक शोधक यंत्र भारतीय गटांनी बांधलं होतं. सर्नच्या मोठ्या कोलायडरमधली चुंबकं मिलिमीटरच्या अंशात हलवणारे सात हजारांवर जॅक भारतातून गेले, ते काम इंदूरच्या आरआरकॅटनं करवून घेतलं. त्याच इंदूरला इंडस-२ ही आपली इलेक्ट्रॉनची कडी आहे, २.५ जीईव्हीची, परीघ १७२ मीटर. ईआयसीत काय दिसेल याचं गणित मांडणारे लोक आयआयटी मुंबईत आहेत. पण आख्खं यंत्र आपण ठरवलं, आपण आखलं, असं या आकारात अजून झालेलं नाही.

आणि लहान आकारात झालं, त्याचं काय केलं? समीरचा लिनॅक सेवाग्रामपर्यंत आला, पण अशी यंत्रं मोजकीच राहिली. देशातल्या बहुतेक कॅन्सर रुग्णालयांत आजही परदेशी कंपन्यांचीच यंत्रं आहेत. आराखडा जमला होता. पुढं शेकड्यांनी बनवण्याची, दुरुस्तीची, सुट्या भागांची साखळी उभी करायची चिकाटी कमी पडली, असं माझं मत. कुणाला वेगळी माहिती असेल तर जरूर लिहा.

आपल्या बाजूला हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया व्हायचं आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६, मंत्रिमंडळाची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३, रक्कम २६०० कोटी. ही मधली सात वर्षं ब्रुकहेवनच्या दहा वर्षांसारखी होती की फायलीची होती, हे विचारायला हवं. विदर्भ-मराठवाड्यातल्या पेपरांनी तरी विचारायला हवं.

ईआयसीत पहिली टक्कर २०३० च्या दशकाच्या मध्यात होईल, असा अंदाज आहे. आज आर्वीला किंवा देवळीला आठवीत असलेली पोरगी तेव्हा एम.एस्सी. होऊन पीएच.डी.साठी गाईड शोधत असेल.