सरळ कुठे संपतं आणि वळण कुठे सुरू होतं?

गेले तीन वीकेंड माझी छोटी रेल्वे एकाच जागी घसरत होती. आठ बाय चार फुटांचं प्लायवूड, त्यावर एचओ स्केलचा (म्हणजे १:८७) ट्रॅक, दोन्ही टोकांना १८ इंच त्रिज्येची वळणं. इंजिन नीट जायचं. मागचा लांब डबा वळणात शिरून वीतभर पुढे गेला की खाली! मी चाकं पुसली, डब्यात वजन ठेवलं, डबा पडायचा तिथले रूळ दोनदा बदलले. एरर दिसतो तिथेच बग असतो असं नाही, हे ऑफिसात आपण ज्युनिअर पोरांना ऐकवतो. घरी कोणाला आठवतंय!

शेवटी थोडा इतिहास वाचला. १८९१ साली मेर्कलिन या जर्मन कंपनीने लाइपझिगच्या मेळ्यात ठरावीक मापांच्या रुळांवर इंग्रजी आठच्या आकड्यात धावणारी चावीची गाडी मांडली. रुळांचे तुकडे विकत आणायचे, जोडायचे, मार्ग वाढवत न्यायचा. आपल्या भाषेत स्टँडर्ड इंटरफेस. पण या पद्धतीत तुकडा एकतर सरळ, नाहीतर पूर्ण वाकलेला. मधलं काही नाही.

खऱ्या रेल्वेला ही अडचण त्याच्या पन्नास वर्षं आधीच कळली होती. विल्यम फ्रूड (हो, फ्रूड नंबरवाला तोच, जहाजांकडे तो नंतर वळला) ब्रुनेलच्या हाताखाली ब्रिस्टल अँड एक्झिटर रेल्वेवर होता. १८४० च्या सुमारास त्याने सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा भाग आखायची रीत वापरली. कारण साधं आहे. सरळ जाणाऱ्या डब्याला एकदम पूर्ण वळण दिलं तर त्याला बाजूने धक्का बसतो. शिवाय वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवावा लागतो, आणि ती उंची एका क्षणात कशी आणणार?

त्यात माझं वळण किती तीव्र बघा. १८ इंच गुणिले ८७ म्हणजे साधारण ४० मीटर. आपल्या ब्रॉडगेजवर त्रिज्या सहसा १७५ मीटरच्या खाली जात नाही.

हे सगळं मी बाबांना उत्साहाने सांगत होतो. बाबा रेल्वेत पी-वेला होते, गँगचे मुकादम म्हणून रिटायर झाले. शाळेच्या फॉर्मवर मी नेहमी ‘वडिलांचा व्यवसाय: रेल्वे’ एवढंच लिहायचो. ते तिथे नक्की काय करतात, हे कधी विचारलंच नव्हतं.

ते म्हणाले, "दोरी आण. आणि पट्टी."

खऱ्या वळणावर २० मीटरची दोरी रुळाला लावून ताणतात आणि तिच्या मध्यापासून रूळ किती लांब आहे ते मोजतात. त्याला व्हर्साइन म्हणतात. दर दहा मीटरला एक आकडा. आम्ही मीटरच्या जागी सेंटिमीटर धरले. माझ्या त्रिज्येला ११ मिलिमीटर यायला हवे होते. आले ० , २, १५, १०, ११.

"हा १५ बघ," बाबा म्हणाले. "फिशप्लेटपाशी कोन पडलाय. चाक इथे चढतं, पडतं पुढे."

मी तीन आठवडे ‘पुढे’च शोधत होतो :-)

तो जोड काढला. तिथे वाकवता येणारा अखंड रूळ घातला आणि त्यासाठी वळण आठ मिलिमीटर आत सरकवलं. पुन्हा दोरी लावली: १, ४, ७, १०, ११. डबा गेला. वीस फेऱ्या गेला.

मी विचारलं, "बाबा, तुमच्याकडे असा १५ सापडला तर?"

"तर आधी लाल झेंडी. मग बाकीचं."

असो. दुसऱ्या टोकाचं वळण अजून बाकी आहे. रविवारी मोजायचंय. या वेळी दोरी मी धरणार आणि आकडे बाबा वाचणार.